आजोबांचा महिंद्रा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर बरीच वर्षं शेडमध्ये उभा आहे, इंजिन जाम. सोलापुरात हौस म्हणून चालू करायचाय, सुरुवात कुठून?

रंगापासून नको, एवढं आधी. १९६३च्या सुमारास आलेलं हे मॉडेल, चार सिलिंडरचं दणकट इंजिन, सहसा मरत नाही. ओढून चालू करायला मात्र जाऊ नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटल्या असतील तर पिस्टन फुटतो.

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओता, दोन-चार दिवस मुरू द्या. गिअर न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावा, हळूच पुढे-मागे हलवा. केसभर हलला तरी जिंकलात. मग चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाचं, ऑइल काढा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय, हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवावंच लागेल.

टाकीतलं जुनं डिझेल फेका, फिल्टर बदला, डिझेल पंप आणि नोझल ते दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे तपासून घ्या आणि परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे घाला. डिझेलच्या लाइनमधली हवा काढायला विसरू नका, अर्धी मंडळी तिथंच अडकतात.

आपल्या कोरड्या हवेत पत्रा बरा टिकतो. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार. न मिळणारे बुश अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून बनवून घ्या, जुना नमुना सोबत न्या.