रेडिएशन सुरू असताना पांढऱ्या पेशी का कमी होतात? आईचं ताट वेगळं ठेवावं का, आणि पपईच्या पानांचा रस चालतो का?

ताटाचं वाचलं अन् राहवलं नाही. आमच्या घरी याच ताटावरून मी आणि मोठेबाबा चार वर्षांपासून धड बोलत नाही.

मायला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. नागपुरात सोमवार ते शुक्रवार शेक, म्हणजे रेडिएशन, एकूण 25, शिवाय आठवड्याला एक कीमो. शनिवार-रविवार गावी. पहिल्याच शनिवारी मोठेबाबांचं फर्मान निघालं: ताट-गिलास वेगळे, खाट सपरीत. "लेकराले किरणं लागतीन." अहो, बाहेरून शेक देणारं मशीन बंद झालं की किरण संपले. एक्सरे काढून आलेला माणूस गावभर किरण वाटत फिरतो का? तेव्हाही मी हेच म्हटलं. "लई शायना झाला तू," एवढंच उत्तर मिळालं.

चौथ्या आठवड्यात तान्हा पोळा आला. पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला दारात. मायनं पदराला सुट्टे पैसे बांधून ठेवले होते. मोठेबाबांनी पोरांना फाटकातूनच पिटाळलं. आणि स्वतः, आठ दिवसांचा खोकला घेऊन, तिच्या उशाशी तासभर बसले. "आमाले काय होते, आमी पिकलं पान."

दुसऱ्या दिवशी रात्री तिला 102 ताप. "क्रोसिन दे, सकाळी पाहू," मोठेबाबा. मी ऐकलं नाही, शेजारच्याला उठवून काळीपिवळी गाडी काढायला लावली. पांढऱ्या पेशी निघाल्या 1,100. असायला पाहिजेत 4,000 ते 11,000. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, घरात कोणाला सर्दी-खोकला आहे का? मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

आता कारण. रक्त हाडाच्या मगजात तयार होतं आणि मोठ्या माणसात त्याचा मोठा वाटा कंबरेच्या हाडांत, मणक्यांत असतो. मायचा शेक नेमका कंबरेलाच. किरण पेशीतला डीएनए तोडतात, आणि सतत विभागणाऱ्या पेशीला ते सोसत नाही. कोरड्या तुरीला ऊन लागलं तर काय होतं? मोड आलेली मात्र जळते. मगज म्हणजे कायम मोड आलेलं बी. लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तेवढ्या अपवाद, त्या विभागत नसल्या तरी लवकर मरतात, म्हणून आधी त्याच घटतात. मग न्यूट्रोफिल, याही जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच, कारण रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात आणि मागून नवा माल येत नाही. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात. तांबड्या पेशी 120 दिवस, म्हणून हिमोग्लोबिन उशिरा उतरतं. पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्याच नसल्या तर जखम पिकतही नाही, ताप हीच एक खूण उरते.

म्हणजे मायला वेगळं ठेवणं चूक नव्हतं, कारण उलटं होतं. धोका तिच्यापासून आम्हाला नाही, आमच्यापासून तिला होता. फाटकातून पोरांना नाही, खोकणाऱ्या म्हाताऱ्याला पिटाळायला पाहिजे होतं. ताट वेगळं काढू नका, स्वच्छ धुवा. पाहुणे बंद करा, मग ते रुसले तरी चालतील. थर्मामीटरवर 100.4 दिसलं की त्याच रात्री निघा.

मी डॉक्टर नाही, कृषी केंद्र चालवतो. मायच्या पेशी नुसत्या शेकानं नाही, कीमोनंही उतरल्या असणार. छातीला किंवा गळ्याला शेक असेल तर इतक्या उतरतीलच असं नाही. ताप मोठेबाबांच्याच खोकल्यातून आला हेही मी सिद्ध करू शकत नाही. आणि थायरॉइडच्या कॅन्सरला पोटातून किरणोत्सारी आयोडीन देतात, तिथं काही दिवस पेशंटपासून खरंच लांब राहावं लागतं. हे मी मोठेबाबांना अजून सांगितलेलं नाही.

पपईचा पाला लोक डेंग्यूत प्लेटलेटसाठी सांगतात, पांढऱ्या पेशींसाठी नाही. कीमो सुरू असताना डॉक्टरला न विचारता देऊ नका. आमच्याकडे तो मोठेबाबांनीच वाटून आणला होता. मायनं दोन घोट घेतले आणि ओकली.