पहिल्या बाळंतपणात कळा किती तास चालतात आणि नंतर किती दिवसांत बरं वाटतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की ३६ वा आठवडा चालू आहे आणि कळांच्या भीतीने झोप लागत नाही. कळांचं सांगतेच, पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, तो नंतर बरं वाटण्याचा, तो वाचून माझं डोकं उठलं म्हणून टाईप करायला बसलेय. कळांबद्दल सगळे बोलतात. नंतरच्या दहा दिवसांबद्दल कोणी तोंड उघडत नाही, आणि ज्या उघडतात त्या चुकीचं सांगतात.

आधी कळा. पहिलटकरणीला सुरुवातीपासून बारा-अठरा तास सहज लागतात, मला साडेसोळा लागले. खोटी कळ येते-जाते, कूस बदलली किंवा जरा चाललं की विरते. खरी कळ ठरलेल्या अंतराने येते, अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि तुम्ही झोपा नाहीतर उभ्या राहा, तिला फरक पडत नाही. माझी तर कंबरेतून सुरू व्हायची, कोणीतरी मागून पाना लावून आवळतंय आणि मिनिटभराने ढिलं सोडतंय असं. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं. दवाखाना लांब असेल तर त्याच्या बरंच आधी.

मी हे सगळं वाचलेलं असूनही रात्री दीडला पहिली कळ आली आणि तीनला दवाखान्यात हजर. मे २०१९, माहेर बार्शी, बाबांनी घाईत बनियनवरच गाडी काढलेली. तपासलं, गर्भाशयाचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं. सिस्टर म्हणाल्या घरी जा, सकाळी खाऊन-पिऊन या. इतका अपमान वाटला मला! लग्नाच्या पंगतीत पान मांडून उठवल्यासारखं. पण बरोबर होतं त्यांचं, दहा सेंटिमीटर व्हायचं असतं आणि पहिले चार-पाचच सगळ्यात जास्त वेळ खातात, तो वेळ घरात फेऱ्या मारत काढलेला बरा. सकाळी उपमा खाल्ला, अंघोळ केली, अकरापर्यंत बोलणं बंद झालं. साडेबाराला दवाखान्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरच बाळाभोवतीचं पाणी गेलं, मग चार सेंटिमीटर, मग सलाईनमधून कळांचं औषध, आणि त्याच्यानंतरच्या कळा वेगळ्याच. संध्याकाळी सहाला मुलगी, २ किलो ८००. छेद दिला तो कळला नाही, टाके कळले, भूल दिलेली असूनही. वार पडल्यावर मी इतकी थडथड कापत होते की दात वाजत होते, मे महिन्यात, बार्शीत. मला वाटलं मेले, तर दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या सगळ्यांचंच होतं, आणि पांघरूण टाकून चहा प्यायला गेल्या.

झालं. हा सोपा भाग होता.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर आत्या येऊन बसलेली. बाबांची थोरली बहीण, घरातलं प्रत्येक बाळंतपण तिच्या हातचं. आई तिला वन्सं म्हणते आणि तिच्यापुढे आजतागायत एक शब्द बोललेली नाही. खोली तयार होती. खिडक्या बंद, फटींना कापड, पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, माझ्या कानात कापूस आणि वरून स्कार्फ. बाहेर बेचाळीस. आणि पाणी? दिवसातून तीन वेळा अर्धी वाटी, ओवा-बाळंतशेपा घालून उकळलेलं. वाटी मोजून. जास्त मागितलं तर, "पाणी पिलीस तर पोट सुटंल बग, टाकं पिकतील, मग फिरशील पखाल घेऊन."

मी इंजिनियर बाई, पुण्यात आठ-आठ लोकांची टीम चालवते, आणि मी गप्प बसले. अजून स्वतःवर राग येतो. पण त्या दिवसांत माणूस भांडत नाही हो, बसलं तर टाके ओढतात, छाती दगडासारखी दाटलेली, अंगावरून जातंय, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं (मी तर आईने वरणात तूप विसरलं म्हणून रडले), अशात घरात जो आवाज मोठा त्याचंच चालतं.

पाच दिवस पोट साफ झालं नाही. सहाव्या दिवशी मोरीशेजारच्या संडासात भिंतीला डोकं टेकवून बसले होते, समोर आईने हळदीकुंकवात मिळालेला हिरवा मग, त्याच्या कडेचा एक टवका उडालेला, तो टवका अजून डोळ्यासमोर आहे कारण अर्धा तास मी दुसरीकडे बघितलंच नाही. त्या अर्ध्या तासापुढे कळा परवडल्या. कळा निदान मधे सोडतात तरी. लघवी चहासारखी आणि जळजळत. संध्याकाळी ताप १०१, आणि आत्या म्हणते दुधाचा ताप आहे, शेक वाढव.

बाबांनी त्या रात्री काही न बोलता गाडी काढली. मला लघवीचं इन्फेक्शन निघालं आणि बाळाचं वजन २ किलो ५००. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर गंभीर होतात, आमच्या झाल्या. आता खरं सांगायचं तर बाळाच्या वजनाचं खापर पाण्यावर फोडता येत नाही, ती नुसतं टोक तोंडात घेऊन ओढत होती आणि आम्हा तिघी बायकांपैकी एकीलाही ते कळलं नाही. मॅडमनी दहा मिनिटांत दाखवलं, तोंड मोठं उघडू द्यायचं, काळा भाग जमेल तितका आत, खालचा ओठ बाहेर मुडपलेला. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत, हे आकडे कोणीतरी आधी सांगायला नको? पण माझा ताप आणि ते संडासातलं प्रकरण, ते पाण्याचंच. मॅडम आत्याला म्हणाल्या, आजी, हिला तहान लागेल तेवढं पाणी द्या, दिवसाला अडीच-तीन लिटर जाऊ दे. आत्या मान हलवून हो म्हणाली आणि घरी येऊन परत वाटी काढली.

तेव्हा बाबा कामाला लागले. लिटरची बाटली दुपट्यात गुंडाळून बाळाच्या कपड्यांच्या ढिगात ठेवायचे, सकाळी एक आणि दुपारी एक, आणि जाताना नुसतं "दुपटं बदललंय" म्हणायचे. जन्मात ज्या माणसाने दुपट्याला हात लावला नाही तो! आत्याला वाटलं जावई नसताना लेकीचं किती करतो.

पोट सुटतं ते पाण्याने नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू आहेत ते, आणि गर्भाशय पूर्वीएवढं व्हायलाच सहा आठवडे लागतात, दोन तांबे पाण्याने त्यात काय बिघडणार आहे. माझा अंदाज असा की पूर्वी आडाचं नाहीतर ओढ्याचं पाणी यायचं, बाळंतीण त्यानेच आजारी पडायची, म्हणून उकळून आणि कमी द्यायचे. उकळायचं कारण विसरलं, कमी द्यायचं तेवढं राहिलं. आणि बंद खोलीत शेगडी तर अजिबात नको, कोळशाचा विषारी वायू साठतो, धुराने बाळाची छाती भरते. पहिल्या दिवशी मध चाटवायलाही कोणीतरी येईल, वर्षाच्या आत मध नाही, सरळ नाही म्हणा. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, टाकून द्यायला सांगितलं तर तेही नाही.

हां, आत्याचं सगळंच चूक नव्हतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, रोजची मालिश, ते सोन्यासारखं होतं. रात्री दोनला बाळ रडलं की आईच्या आधी ती उठायची आणि मी पाजेपर्यंत माझे पाय दाबत बसायची. तिची स्वतःची चार बाळंतपणं घरात झाली, सुईणीच्या हातून, त्यातलं एक गेलं. ती त्याबद्दल बोलत नाही. पण म्हणून मी तहानेने मरायचं का?

तर तुमचं उत्तर. टाक्यांची ओढ दोन-तीन आठवड्यांत जाते, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनदा बसा, पोट साफ व्हायचं पातळ औषध डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, लाजू नका. अंगावरून जाणं चार-सहा आठवडे. मला माणसात आल्यासारखं तिसऱ्या महिन्यात वाटलं. रडू दोन आठवड्यांच्या पुढे चाललं किंवा बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर घरच्यांच्या "होतं असं" वर थांबू नका, डॉक्टरला सांगा. मी डॉक्टर नाही, सिझर झालं तर पहिले काही तास पाणी त्यांना विचारूनच, बीपी किंवा किडनीचं काही असेल तरी विचारूनच. आणि आत्ता ३६ व्या आठवड्यात पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून अंधारी आली, तर कळा मोजत बसू नका, लगेच निघा. हे खरं वर लिहायला हवं होतं.

मुलीच्या जावळाला आत्या आली होती. सगळ्यांसमोर माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "बगा, पाणी पिली." मी काही बोलले नाही, समोरचा तांब्या उचलला आणि तिच्याकडे बघत बघत संपवला, अर्धं पाणी पदरावर सांडलं.

दवाखान्याच्या बॅगेत नळीची बाटली टाका, आडवं पडून पिता येते. दोन टाका. एक सापडेल.