लघवीच्या तपासणीतून कॅन्सर ओळखायचाय, मग शिकू काय?

तू लिहितेस: बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय बायोकेमिस्ट्री, घर नागपुरात मानेवाड्याला. आबाजींना मूत्राशयाचा कॅन्सर. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी होते, आदल्या रात्री त्यांना जेवण जात नाही. लघवीतल्या एखाद्या प्रोटीनवरूनच कळलं तर? हे शोधायला तुला संशोधनात जायचंय. बाबा म्हणतात, बी.एड. कर.

पोरी, प्रश्न जुना आहे, पण सुटलेला नाही. एनएमपी-22, बीटीए या प्रोटीनच्या चाचण्या 1990च्या दशकापासून आहेत. मात्र मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी त्या पॉझिटिव्ह येऊ शकतात, आणि कमी आक्रमक प्रकारच्या लहान गाठी त्यांना बरेचदा सापडत नाहीत. म्हणून आबाजींची दुर्बीण सुटत नाही.

आता वही घे. समज, 1000 माणसं तपासली, त्यांत 10 जणांना कॅन्सर आहे. चाचणी शंभरातले 90 रोगी पकडते आणि शंभरातल्या 90 निरोग्यांना बरोबर सोडते. म्हणजे 9 रोगी सापडले. पण उरलेल्या 990 पैकी 99 जणांनाही तिने 'पॉझिटिव्ह' म्हटलं! घाबरलेले 108, खरे रोगी 9. नवं प्रोटीन शोधणारे पुष्कळ असतात; ते या गणितात टिकतं का हे चिकाटीने तपासणारे कमी. गाठ परत येईल का, स्नायूत शिरेल का, हे पी-53 किंवा केआय-67 या गाठीतल्या प्रोटीनवरून सांगायचं तर रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो. तू या कामासाठी तयार हो, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी एलायझा, म्हणजे प्रोटीन मोजायची चाचणी, हाताने करायला शीक, आणि संख्याशास्त्र टाळू नकोस. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षा दे. नागपूर विद्यापीठातही बायोकेमिस्ट्री आहेच. पुढे पीएच.डी.साठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र डोळ्यासमोर ठेव.

बाबांना सांग, वाट लांब आहे: एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग पीएच.डी.ची पाच-सहा. पण नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये असतात. त्यांची काळजी खोटी नाही, बी.एड.चा रस्ता एम.एस्सी.नंतरही मोकळा राहतो.

आबाजींच्या पुढच्या तपासणीला तू सोबत जा. बायोप्सीचा जुना रिपोर्ट त्यांच्याकडून मागून घे, 'ग्रेड' (गाठ किती आक्रमक) आणि 'स्टेज' (ती किती खोल पसरली) यांपुढे काय लिहिलंय ते वाच. अडलेले शब्द मला लिहून पाठव.