‘रोबोट’ म्हणजे मुळात काय? ‘यंत्रमानव’ हा त्याचाच अर्थ का?

तुमची मुलगी कोथरूडला रोबोटिक्सच्या क्लासला जाते आणि तिने विचारलंय की रोबोट म्हणजे मुळात काय, यंत्रमानवच का? ‘सायबर’ आणि ‘अवतार’ कुठून आले हेही तुम्ही पुढे विचारलंय. पहिल्या प्रश्नावर जरा जास्त बोलते, कारण तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

तिला सांगा, रोबोट म्हणजे वेठबिगार. यंत्राचा त्या शब्दाशी मुळात काही संबंध नव्हता.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकायला जायचे, तेव्हा सुरुवातीच्या धड्यांतच ‘रबोता’ भेटला. रशियनमध्ये त्याचा अर्थ साधा, काम. त्याचा चेक भाऊबंद ‘रोबोता’ मात्र कडू आहे. कुळाने जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट राबायचं, ती रोबोता. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही पद्धत १८४८ मध्ये रद्द झाली, शब्द मात्र राहिला. कारेल चापेक हा चेक लेखक ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहीत होता. ते १९२० मध्ये छापलं गेलं. कारखान्यात घडवलेल्या कामगारांना काय म्हणावं, हे त्याला ठरवता येईना. लॅटिनवरून ‘लाबोरी’ म्हणावं असं मनात होतं, पण ते त्याला पुस्तकी वाटलं. भाऊ योसेफ चित्रकार. तो चित्र रंगवत होता, तोंडात ब्रश धरलेला. तसाच पुटपुटला, मग रोबोट म्हण. ही हकिगत कारेलनेच १९३३ मध्ये वर्तमानपत्रात सांगितली, कारण श्रेय त्याला मिळत होतं आणि ते भावाचं होतं. हाच योसेफ १९४५ मध्ये बेर्गन-बेल्सनच्या नाझी छळछावणीत मरण पावला. हे वाचल्यापासून तो शब्द मला सहज उच्चारता येत नाही.

नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीतच. रसायनांतून बनवलेल्या, मांसासारख्या सजीव द्रव्याचे ते आहेत, आणि दिसायला हुबेहूब माणसं. नाटकात त्यांना बनवणारी कंपनी ज्याच्या नावाने चालते त्या रोसुमचं नाव चेक ‘रोझुम’वरून घेतलंय, म्हणजे बुद्धी. बुद्धीच्या कारखान्यातून बाहेर पडलेले वेठबिगार, आणि शेवटी तेच उठाव करतात.

आता ‘यंत्रमानव’ घ्या. चापेकच्या रोबोटात यंत्र नाही. आणि चाकणच्या मोटार कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबोट म्हणजे नुसता एक हात, त्यात मानव नाही. शब्द रुळलाय, मुलांना आवडतो, तो टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण चापेकच्या मनातला शब्द मराठीत शेकडो वर्षं होता याचं मला राहून राहून वाटतं. ‘वेठ’ आला संस्कृत ‘विष्टि’वरून, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विष्टि आहे, सक्तीची मजुरी याच अर्थाने. ‘बिगार’ फारसीतून आला, अर्थ तोच. आपण दोन्ही जोडून एक शब्द केला. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्याकडे १९७६ चा, म्हणजे ही गोष्ट काही फार जुनी नाही. आजही संप झाला की ‘प्रवासी वेठीस’ असा मथळा येतोच. कुणी हे नाटक मराठीत आणायचं म्हटलं तर मी ‘वेठ्या’ हा शब्द सुचवेन.

‘रोबोटिक्स’ हा विज्ञानकथा लेखक आयझॅक असिमॉव्हचा शब्द, १९४१ च्या कथेतला. गंमत म्हणजे त्याला वाटत होतं की तो आधीपासूनच प्रचारात आहे.

सायबरचं मूळ ग्रीक ‘कुबेर्नेतेस’, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने त्यावरून १९४८ मध्ये नियंत्रणाच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ नाव दिलं आणि विल्यम गिब्सनने १९८२ च्या एका कथेत ‘सायबरस्पेस’ आणलं. आपल्याकडे सुकाणू धरणाऱ्याला कर्णधार म्हणतात. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूसुद्धा. म्हणजे क्रिकेटचा कर्णधार आणि सायबर पोलीस ठाणं यांच्या नावांत एकच नावाडी बसलाय!

‘अवतार’ तर आपलाच. अव म्हणजे खाली, तॄ म्हणजे तरून जाणं. देव खाली उतरतो तो अवतार. १९८० च्या दशकात संगणकावरच्या खेळांत पडद्यावरच्या आपल्या रूपाला हे नाव मिळालं आणि १९९२ मध्ये नील स्टीव्हन्सनच्या कादंबरीने ते सगळीकडे नेलं. केस पिंजारलेले असले की आई ‘काय हा अवतार!’ म्हणते ना, तिथेही अर्थ दिसण्याचाच आहे. त्यामुळे मराठी मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक. मुलीच्या किटमध्ये हात वळवायला छोटी सर्वो मोटर असेल. तिच्या नावातला ‘सर्वो’ लॅटिन ‘सर्वुस’वरून आलाय, म्हणजे गुलाम. रोबोटचा अर्थ सांगताना ती मोटर तिच्या हातात द्या.