अँटिबायोटिकला दाद न देणारे जीवाणू तयार होताना कोणी प्रत्यक्ष पाहिले आहेत का?

हो, आणि त्याचं चित्रीकरणही झालं आहे. हार्वर्डचे मायकेल बेम, रॉय किशोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. चार फूट लांब, दोन फूट रुंद असं एक मोठं तबक. त्यात जीवाणूंना वाढायला अगार, म्हणजे जेलीसारखा पदार्थ. दोन्ही कडांना औषध अजिबात नाही, मग पट्ट्यापट्ट्याने दहा-दहा पट जास्त. ट्रायमेथोप्रिम या अँटिबायोटिकची मात्रा मध्यभागी तर साध्या ई. कोलाय जीवाणूला रोखायला लागते तिच्या हजारपटीहूनही अधिक.

जीवाणू पहिल्या सीमेवर येऊन अडतात. थोड्या वेळाने एखाद्यात असा जनुकीय बदल होतो की तो टिकतो आणि त्याची प्रजा पंख्यासारखी पुढच्या पट्ट्यात पसरते. पुढची सीमा, पुन्हा तेच. साधारण अकरा-बारा दिवसांत ते मध्यापर्यंत पोचले! बदल मुळात योगायोगाने होतात, औषध फक्त त्यातले तगणारे निवडतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा निष्कर्ष: मधल्या पायऱ्या काढून थेट मोठ्या मात्रेशी गाठ घातली, तेव्हा त्यांना पलीकडे जाता आलं नाही. सर्वांत प्रतिरोधक जीवाणू नेहमी आघाडीवर नव्हते, हेही दिसलं. काही मागेच कोंडले गेले होते.

शरीरात आणि रुग्णालयात आणखी एक वाट असते. प्लाझ्मिड नावाच्या छोट्या डीएनए-वर्तुळांतून एक जीवाणू दुसऱ्याला तयार जनुक देतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देण्याची क्षमता देणारं एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये असंच प्लाझ्मिडवर सापडलं. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली.