बाबांच्या पीएफला हात न लावता जर्मनीला जाता येतं का?

बारावी-ग्रॅज्युएशनचे निकाल जवळ आले की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी घरं वाढतात, पैसा बेताचा आहे आणि पोराला बाहेर शिकायचंय, काय करू. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून मेकॅनिकल झालेली. घर दांडिया बाजारात, बाबा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, रिटायर व्हायला तीन वर्षं. आई तिला घेऊन आली ती "ही हल्ली बोलतच नाही" म्हणून, जर्मनीचा विषय बऱ्याच वेळाने निघाला आणि तोही आईनेच काढला. मुलगी लगेच म्हणाली, मला नाही जायचं आता, इथेच बरंय. हे मी फार पोरांकडून ऐकलंय आणि त्यावर पटकन विश्वास ठेवत नाही.

बाबांना एकट्याला भेटले तेव्हा कळलं की ते गुपचूप एका एजंटकडे जाऊन आलेत, त्याने 32 लाख सांगितलेत, आणि आता पीएफमधून किती निघतील, आजोबांच्या घरावर लोन मिळेल का असं विचारत फिरतायत. घर काकांबरोबर सामायिक, म्हणजे काकांची सही लागणार, आणि काकांशी बोलणं कित्येक वर्षं बंद. म्हणजे मुलगी बाबांवर भार नको म्हणून नाही म्हणतेय, बाबा तिच्यासाठी म्हातारपणाची पुंजी मोडायला निघालेत, आणि दोघं रोज रात्री समोरासमोर बसून जेवतायत पण एक अक्षर बोलत नाहीत. माझ्या मते खरी अडचण ही होती, 32 लाख नंतरचे.

मग तिघांना एकत्र बसवलं आणि तो आकडा फोडला. एजंटचं कॉलेज प्रायव्हेट होतं, फी तिथेच चढली होती. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं शुल्क तेवढं भरायचं, ते साधारण 100 ते 400 युरो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र वेगळं, तिथे आपल्यासारख्या बाहेरच्या मुलांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो लागतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी सुरू केलीये. ही दोन्ही नावं मुलीने स्वतःच यादीतून काढली, पहिल्यांदा जरा मोकळी बोलली ती तेव्हा.

मोठा आकडा उरतो ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी 11,904 युरो आधी भरून दाखवायचे, युरो शंभर रुपये धरला तर 12 लाखांच्या जवळ. बाबा म्हणाले, गेलेच की ते! नाही ना. ते पैसे मुलीचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरो तिच्याच खात्यात येतात, त्यातच खोलीभाडं, जेवण, इन्शुरन्स. म्हणजे ही फी नाही, वर्षभराचा घरखर्च आगाऊ बाजूला ठेवलाय. हे कळल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा कागद बघायला लागले. वर एपीएस सर्टिफिकेटचे, म्हणजे आपली डिग्री खरी असल्याच्या व्हिसासाठी लागणाऱ्या दाखल्याचे, 18,000 रुपये, व्हिसाचे 75 युरो, तिकीट, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या वर्षाला सगळं धरून 14 लाखांच्या आसपास.

मग मी प्रत्येकाला वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, झोप न उडता किती देता येतील. बाबांनी 4 लाख लिहिले, एफडीतले. पीएफचं नावही नाही, लिहिताना त्यांनाच कळलं बहुतेक. सरकारी बँकेत साडेसात लाखांपर्यंतचं एज्युकेशन लोन साधारण तारणाशिवाय होतं, म्हणजे काकांची सही नको, हप्ता कोर्स संपल्यानंतर काही महिन्यांनी सुरू होतो, पण व्याज तोवर चढत राहतं हे मी मुद्दाम दोनदा सांगते कारण बँकेत कोणी सांगत नाही. व्याजावर आठ वर्षं टॅक्समध्ये सूट मिळते, अर्थात जुनी टॅक्स पद्धत घेतली तर. उरलेले अडीच लाख मुलगी म्हणाली मी कमवते, वर्षभर नोकरी करून मग जाते.

आजीला कर्ज हा शब्दच खटकला, म्हणाली आपल्यात कोणी कर्ज काढून शिकलं नाही. मी म्हटलं आजी, अहो याच बडोदा संस्थानाने 1913 मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, आणि परत येऊन संस्थानाची नोकरी करायची असं लिहून घेतलं होतं. परत करायच्या अटीवर शिकण्यात कमीपणा कसला. आजी काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी नातीबरोबर तीही आली.

मुलगी सध्या बडोद्याजवळच्या हालोलच्या एका कंपनीत आहे. बाबांचा आता एकच प्रश्न असतो, तिथे पार्ट टाइम करून किती मिळतील. नियमाने वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण मी त्यांना सांगितलंय की पहिल्या वर्षाच्या हिशोबात त्यातला एक युरोही धरायचा नाही, काम मिळालं तर ते दुसऱ्या वर्षाला लावायचं, कारण रेसिडेन्स परमिट वाढवताना पैसे पुन्हा दाखवावे लागतात.