फोन ठेवल्यावर हात कुठे जातो?

ताई, रविवारी आईशी व्हिडिओ कॉल झाला की तुम्ही ओटा घासायला घेता, मसाल्याचे डबे रिकामे करून पुसता, मधे कुणी आलं की चिडता. यजमान म्हणतात, घर लख्ख राहतं, बरंच आहे. माझं लक्ष गेलं ते वेळेकडे. न्यू जर्सीत सकाळचे नऊ, पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. आई खुर्चीच्या हाताला धरून कशीबशी उठली, ते तुम्ही पाहिलंत. दोघीही त्यावर बोलला नाहीत. फोन ठेवला आणि तुम्ही घासणी उचललीत.

नकोशा भावनेला बगल देणारी सवय अशीच सापडते, ती कशाच्या पाठोपाठ येते ते बघून. दारू किंवा तासन्‌तास रील्स चारचौघांच्या डोळ्यांवर येतात. पण मंडळाच्या गणपतीची सगळी कामं अंगावर घेणं, आईबाबांच्या घरातला कॅमेरा सारखा उघडून बघणं, रात्री पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिराती चाळणं, याला कुणी नावं ठेवत नाही. उलट कौतुक होतं. म्हणून ते स्वतःलाही कळत नाही.

घर आवरणं सोडू नका. थोडे दिवस वहीत लिहा: आधी काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, घशात की छातीत. मग कॉलनंतर दहा मिनिटं जागेवरच बसा आणि जे वाटतंय त्याला नाव द्या. भीती, अपराधीपणा, आईची ओढ, जे असेल ते. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या अभ्यासात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डालाचा, म्हणजे भीतीसारख्या भावनांची दखल घेणाऱ्या भागाचा, प्रतिसाद मंदावलेला दिसला. आणि आईला सरळ विचारा, ‘गुडघा फार दुखतो का गं?’ तीही कदाचित विचारण्याची वाटच बघत असेल.

मुलांच्या बाबतीत तर आपण फारच घाई करतो. सुट्टीहून परतल्यावर लेक आजीसाठी रडायला लागली की लगेच हातात टॅब. तिला जवळ घ्या, ‘मलाही आजीची आठवण येतेय’ म्हणा आणि रडू द्या.

झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल किंवा रोज प्यावंसं वाटत असेल, तर फॅमिली डॉक्टरांना आधी हेच सांगा. जीव नकोसा झाला तर अमेरिकेत ९८८ या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.